खेळाडूची हेड कोच होते कशी? कॅरल हचिन्स यांची गोष्ट

मार्च १९७९. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. संघाचा हिरो होता मॅजिक जॉन्सन, लान्सिंग शहरातल्या एव्हरेट हायस्कूलचा मुलगा. त्याच वर्षी, त्याच युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल संघातल्या एका खेळाडूचं नाव कोर्टाच्या कागदांवर आलं. तीही लान्सिंगची आणि तीही एव्हरेट हायस्कूलचीच. तिने आणि तिच्या सहकारी खेळाडूंनी आपल्याच युनिव्हर्सिटीविरुद्ध दावा लावला होता. मागणी अगदी साधी होती. बाहेरगावी सामन्याला जाताना मुलांना जेवणाला, राहायला, प्रवासाला जे मिळतं, तेच आम्हालाही मिळावं.

त्या खेळाडूचं नाव कॅरल हचिन्स. बास्केटबॉलच्या जोडीला त्या सॉफ्टबॉलही खेळायच्या, शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागेवर. पुढे त्यांनी आयुष्य काढलं ते सॉफ्टबॉलमध्येच. २०२२ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या हेड कोच म्हणून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या नावावर १,७०७ विजय होते. अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलच्या सर्वोच्च पातळीवर तोवर एवढे सामने कुठल्याही कोचने जिंकले नव्हते, पुरुष असो वा बाई.

चांगली खेळाडू होती म्हणून चांगली कोच झाली, असं म्हणून ही कारकीर्द निकालात काढता येत नाही. हचिन्स खेळत होत्या तेव्हा मुलींच्या कॉलेज संघाचं हेड कोच होणं हा पोट भरण्याचा धंदाच नव्हता. ज्या नोकरीत त्यांनी चाळीसेक वर्षं काढली, ती नोकरी त्यांच्या पिढीने आधी उभी केली आणि मग केली. हे नीट कळायचं तर अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाची घडण थोडी समजून घ्यावी लागते.

आपल्याकडे खेळाडू घडतो तो शाळा, क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना या वाटेने. महाराष्ट्रात शालेय स्पर्धांमधून सॉफ्टबॉल खेळलेल्या मुलींना ही वाट पाठ असते. राज्याच्या संघात निवड, मग प्रमाणपत्र, जमलं तर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणातून पोस्ट. अमेरिकेत खेळाचा मुख्य कारखाना म्हणजे युनिव्हर्सिटी. मोठ्या युनिव्हर्सिटीत खेळांचं स्वतंत्र खातं असतं. त्याला स्वतःचं बजेट, स्वतःची स्टेडियम, स्वतःचा डॉक्टर आणि प्रत्येक खेळाला पूर्णवेळ पगारी कोच. या सगळ्यांवर नियमांची पकड ठेवणारी संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या सगळ्यात वरच्या गटाला डिव्हिजन वन म्हणतात आणि त्यात मुलींचे सॉफ्टबॉल संघ सुमारे ३०० आहेत. म्हणजे डिव्हिजन वनच्या हेड कोचच्या खुर्च्याही साधारण तेवढ्याच. दरवर्षी शेकडो मुली कॉलेजचा शेवटचा सामना खेळून बाहेर पडतात आणि त्यांतल्या मोजक्याच जणी कधी ना कधी या खुर्चीत बसतात.

१९७० च्या दशकात यातलं बरंचसं मुलींसाठी नव्हतं. एनसीएए फक्त मुलांच्या स्पर्धा भरवायची. मुलींच्या स्पर्धा एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना घ्यायची. ही संघटना स्त्रियांनीच चालवलेली, पैशाने फाटकी पण जिद्दीची. हचिन्स पहिल्या वर्षाला असताना, १९७६ साली, मिशिगन स्टेटने या संघटनेची सॉफ्टबॉल विश्वमालिका, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपद, जिंकलं. एनसीएएने मुलींची पहिली सॉफ्टबॉल स्पर्धा घेतली ती १९८२ मध्ये आणि एआयएडब्ल्यू त्याच सुमारास बंद पडली. त्यामुळे एनसीएएच्या विजेत्यांची यादी उघडली तर ती १९८२ पासून सुरू होते आणि हचिन्स यांनी खेळाडू म्हणून जिंकलेलं विजेतेपद तिथे सापडत नाही. मला हे फार खटकतं. त्या मुली खेळल्या, जिंकल्या, पण नोंदवहीच दुसऱ्याची निघाली.

सदतीस शब्दांचा कायदा

हे चित्र पालटलं ते टायटल नाइन या कायद्यामुळे. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर सही केली. त्याचं मूळ कलम म्हणजे ३७ इंग्रजी शब्दांचं एकच वाक्य. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेला कुणाला लिंगावरून वगळता येणार नाही वा डावलता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या वाक्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण खेळ हा शिक्षणसंस्थेचाच उपक्रम असल्यामुळे तो आपोआप त्याखाली आला.

कायदा कागदावर आला म्हणून दुसऱ्या दिवशी मैदानं तयार झाली नाहीत. वर्षानुवर्षं युनिव्हर्सिट्या चालढकल करत राहिल्या. समानता मोजायची कशी, यावरच वाद होता. १९७९ मध्ये सरकारने तीन कसोट्या ठरवल्या आणि त्यांपैकी एक पुरी केली तरी चालेल असं सांगितलं. पहिली, एकूण विद्यार्थ्यांत मुलींचं जे प्रमाण आहे, साधारण तेच खेळाडूंमध्येही असावं. दुसरी, मुलींच्या खेळांच्या संधी संस्था सातत्याने वाढवत आली आहे हे दिसावं. तिसरी, शिकणाऱ्या मुलींना ज्या खेळांची आवड आणि कुवत आहे, ते त्यांना खेळायला मिळत आहेत हे दाखवता यावं.

पहिली कसोटी सरळ आकड्यांची आणि सॉफ्टबॉलचं भाग्य उघडलं ते मुख्यतः तिच्यामुळे. अमेरिकन फुटबॉलच्या एका संघात शंभराच्या वर मुलं असतात आणि कित्येक वर्षं त्या एका संघाला ८५ पूर्ण स्कॉलरशिप देता येत होत्या. एवढ्या मुलांच्या समोर मुलींची संख्या उभी करायची तर मुलींचे संघ काढावेच लागतात. सॉफ्टबॉलला वीसेक खेळाडू लागतात, मैदान बेसबॉलपेक्षा लहान लागतं, शाळांमध्ये तो आधीपासून खेळला जातो. त्यामुळे अनेक युनिव्हर्सिट्यांनी सॉफ्टबॉलचा संघ काढला आणि संघ आला की कोचची जागा आली.

हचिन्स आणि त्यांच्या मैत्रिणींचा दावा हा याच कायद्याच्या आधारे होता. फेडरल कोर्टाने जेवण आणि राहण्याच्या खर्चातला भेदभाव थांबवण्याचा तात्पुरता आदेश दिला. प्रकरण पुढे बरीच वर्षं रेंगाळलं, तोवर दावा लावणाऱ्या मुली कॉलेज सोडून गेल्याही होत्या. ज्यांनी भांडण काढलं त्यांच्या ताटात त्यातलं फारसं पडलं नाही, पण मागून येणाऱ्यांची सोय झाली.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

आता मूळ प्रश्न. खेळाडू ते हेड कोच, मधल्या पायऱ्या कोणत्या?

खेळणं संपलं की पहिली पायरी बहुधा ग्रॅज्युएट असिस्टंटची. पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, फी माफ होते, थोडा भत्ता मिळतो आणि त्या बदल्यात संघाचं पडेल ते काम करायचं. दुसरी वाट होती व्हॉलंटिअर असिस्टंटची. या पदाबद्दल वाचताना मला दर वेळी राग येतो. संघाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त पगारी कोच ठेवायची एनसीएएची परवानगी नव्हती आणि वरच्या एका माणसाला पगार देणं नियमानेच मना होतं. म्हणजे रोज मैदानावर हजर राहायचं, पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलींना, सराव द्यायचा, दौऱ्यावर जायचं आणि पोट भरायला लहान मुलींची उन्हाळी शिबिरं घ्यायची किंवा खासगी शिकवण्या करायच्या. घरून आधार असेल तिलाच हे परवडणार. ही बिनपगारी जागा १ जुलै २०२३ पासून बंद झाली आणि सॉफ्टबॉलला त्याऐवजी आणखी एक पगारी असिस्टंट ठेवता येऊ लागला.

त्यानंतर असिस्टंट कोच. हीच खरी तालीम आणि तीच सगळ्यात लांबते. कुणी लहान कॉलेजात हेड कोच होऊन मग मोठ्या कॉलेजाकडे सरकतं, कुणी मोठ्या कोचच्या हाताखाली वर्षानुवर्षं राहतं.

हचिन्स यांनी दोन्ही वाटा थोड्या थोड्या चालून पाहिल्या. १९७९ ला पदवी, १९८१ ला इंडियाना युनिव्हर्सिटीतून शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी, १९८२ ला फेरिस स्टेट या लहान संस्थेत एक हंगाम हेड कोच. मग १९८३ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीत असिस्टंट म्हणून रुजू. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मिशिगन स्टेट आणि मिशिगन या दोन वेगळ्या युनिव्हर्सिट्या आहेत, शेजारी आणि हाडवैरी. खेळल्या एकीकडून आणि कोच झाल्या दुसरीच्या. १९८५ च्या हंगामापासून त्या हेड कोच झाल्या. त्या काळी मुलींच्या संघाच्या कोचला मैदानावर पाणी मारण्यापासून गाडी चालवण्यापर्यंत सगळं करावं लागे आणि हातात पडणारे पैसे बघून घरचे लोक विचारायचे की खरी नोकरी कधी धरणार?

संघ राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा पोचला तो १९९२ मध्ये. विश्वमालिकेत, म्हणजे त्या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात, पहिल्यांदा गेला १९९५ मध्ये. विजेतेपद मिळालं २००५ मध्ये, म्हणजे हेड कोच म्हणून एकविसाव्या हंगामात. आजच्या घाईत एवढा धीर कुणी धरेल का, याची मला शंका वाटते. पण त्या एकवीस वर्षांत त्यांचा एकही हंगाम तोट्यात गेला नाही. जिंकलेले सामने नेहमी हरलेल्यांपेक्षा जास्त राहिले. पुढच्या हंगामांतही, अगदी निवृत्त होईपर्यंत.

कोच नेमकं करते काय?

सामना बघणाऱ्याला कोच दिसते ती संघ फलंदाजीला असताना, तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावताना गाठायच्या तिसऱ्या थांब्याजवळ, आखलेल्या चौकोनात उभी. पुष्कळ हेड कोच तिथे स्वतः थांबतात. कानाला हात, टोपीला हात, मनगटावर बोट फिरवणं, या खुणांमधून बॅटरला कळतं की बंट करायचा, म्हणजे बॅट नुसती लावून चेंडू जवळच पाडायचा, की जोरात मारायचं. पण सगळ्यात अवघड निर्णय खुणेचा नसतो.

समजा आपली खेळाडू दुसऱ्या बेसवर आहे. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत तिला बेस सोडता येत नाही. पिचर ४३ फुटांवरून टाकते. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपाशी पोचायला जेमतेम ०.४ सेकंद लागतात. बॅटरने डावीकडच्या मोकळ्या जागेत चेंडू मारला. धावणारी सुटली. दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे तिला होमपर्यंत, बॅटर उभी असते तिथपर्यंत, १२० फूट पळायचं आहे, सहा-सात सेकंदांचं काम. तिची पाठ चेंडूकडे आहे, तिला काही दिसत नाही. ती फक्त तिसऱ्या बेसजवळच्या कोचच्या हातांकडे बघते. हात चक्रासारखा फिरला तर बेस ओलांडून होमकडे सुटायचं, दोन्ही पंजे समोर आले तर थांबायचं. तेवढ्यात कोचने बघायचं की क्षेत्ररक्षक चेंडूपाशी धावत आली की थांबून, तिचा हात किती जोराचा आहे, मैदान ओलं आहे का, किती जणी बाद झाल्यात, पुढची बॅटर कोण. कॉलेजच्या मैदानात बाहेरची जाळी साधारण दोनशे फुटांवर असते, त्यामुळे फेक झटकन येते. निर्णय अर्ध्या सेकंदात द्यायचा आणि तो चुकला तर सगळ्या स्टेडियमसमोर.

खेळाडू असण्याचा उपयोग होतो तो अशा ठिकाणी. शॉर्टस्टॉप ही दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. तिथे उभ्या मुलीला प्रत्येक चेंडूआधी मनात हिशेब मांडावा लागतो की चेंडू माझ्याकडे आला तर कुठे फेकायचा, नाही आला तर कुठे धावायचं. चार वर्षं हे केलेल्या मुलीला मैदान एकसंध दिसायला लागतं. पण तेवढ्यावर कोच होता येत नाही, कारण कोचचं बहुतांश काम मैदानाबाहेरच होतं.

त्यातलं पहिलं काम मुली निवडून आणण्याचं. देशभरच्या क्लबच्या स्पर्धा बघत फिरायचं आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीत ती विसाव्या वर्षी काय असेल ते ओळखायचं. आधी कोच मंडळी आठवी-नववीतल्या मुलींकडूनच शब्द घेऊन टाकत. २०१८ पासून नियम आला की मुलीच्या अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपूर्वी तिच्याशी या विषयावर बोलायचं नाही. हा नियम यायला हवाच होता.

दुसरं काम स्कॉलरशिपच्या वाटपाचं. अमेरिकेतल्या मराठी घरांमध्येही मुली आता क्लबचा सॉफ्टबॉल खेळतात आणि खेळली की फुकट शिक्षण असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी होती. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका सॉफ्टबॉल संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिपएवढीच रक्कम देता यायची आणि संघात मुली वीसेक. बारा भाकऱ्या वीस जणींत वाटायच्या तर कुणाला अख्खी, कुणाला अर्धी, कुणाला चतकोर. कुणाला किती, हे ठरवणार हेड कोच. आणि ज्या मुलीला चतकोर दिली, तिच्याकडूनही तेवढीच मेहनत काढून घ्यायची. खेळ शिकवण्यापेक्षा हे अवघड आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाकी सरावाचं वेळापत्रक, त्यातही हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त सराव घ्यायचा नाही हा नियम, मुलींचे अभ्यास, दुखापती, देणगीदारांच्या भेटी, हे सगळं आहेच.

जून २००५

मिशिगनच्या विजेतेपदाला एवढं महत्त्व का, ते नकाशा बघितल्यावर कळतं. कॉलेज सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्या वेळी कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात ऊन असतं, मिशिगनमध्ये बर्फ. उत्तरेकडच्या संघांनी सराव छताखाली करायचा आणि पहिले काही आठवडे दक्षिणेच्या राज्यांत फिरत सामने खेळायचे. चांगल्या मुलींचा ओढाही उन्हाच्या गावांकडे. १९८२ पासून २००४ पर्यंत एनसीएएची सगळी विजेतेपदं मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडे गेली होती, त्यात सिंहाचा वाटा लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी यूसीएलए आणि ॲरिझोना यांचा.

२००५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत अंतिम फेरीत मिशिगनसमोर यूसीएलएच होती. अंतिम फेरी तीन सामन्यांची करण्याचं ते पहिलंच वर्ष. मिशिगन पहिला सामना हरली, दुसरा जिंकली. तिसऱ्यात ठरलेल्या सात इनिंग, म्हणजे डाव, संपले तरी निकाल लागला नाही आणि १-१ अशा बरोबरीत सामना दहाव्या इनिंगमध्ये गेला. तिथे पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या समंथा फिंडलेने चेंडू थेट जाळीपलीकडे मारून तीन धावांचा होम रन काढला. मग जेनी रिटरने पिचिंग करून ४-१ वर शिक्कामोर्तब केलं. मिसिसिपीच्या पूर्वेकडच्या संघाने जिंकलेलं ते पहिलं विजेतेपद. त्या हंगामात मिशिगनने ६५ सामने जिंकले आणि ७ हरले. अशा क्षणी पहिल्या वर्षाच्या मुलीला बॅटिंगला ठेवायचं, यामागे वर्षभराचा विश्वास असतो. निवड, सराव, भाकरीचं वाटप, सगळं त्या एका फटक्यापाशी येऊन ठेपतं.

पगार वाढला, मग काय झालं?

इथे या गोष्टीला एक कडू वळण आहे. टायटल नाइनच्या आधी मुलींच्या कॉलेज संघांचे ९० टक्क्यांहून जास्त कोच स्त्रियाच होत्या. बहुतेक जणी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका, कोचिंगचे वेगळे पैसे नाहीत. कायद्यामुळे मुलींचे संघ वाढले, कोचला पगार मिळू लागला आणि त्याबरोबर पुरुषही या नोकऱ्यांसाठी अर्ज करू लागले. मुलींचं खातं मुलांच्या खात्यात विलीन झालं आणि नेमणुका करणाऱ्या खुर्चीत बहुतेक ठिकाणी पुरुष बसले. २०१४ मधल्या पाहणीत मुलींच्या संघांच्या स्त्री कोचचं प्रमाण ४३ टक्क्यांवर आलेलं दिसलं. कायद्याने खेळाडूंना दार उघडलं, पण त्याच दारातून त्यांच्या गुरूंची जागा निसटत गेली. पुरुष कोच वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. ॲरिझोनाला आठ विजेतेपदं मिळवून देणारे माइक कॅन्ड्रिया या खेळातले थोर कोच आहेत आणि त्यांचाच १,६७४ विजयांचा विक्रम हचिन्स यांनी २०२२ मध्ये मागे टाकला. प्रश्न एवढाच की स्त्रियांना मुलांच्या संघांची दारं बंद आणि मुलींच्या संघांची दारं मात्र दोघांना उघडी. मग बायकांनी जायचं कुठे?

हचिन्स यांनी याचं उत्तर आपल्या डगआउटमध्ये, म्हणजे संघ आणि कोच बसतात त्या मैदानालगतच्या जागेत, दिलं. बॉनी थॉल मिशिगनकडूनच खेळलेली शॉर्टस्टॉप, १९९४ पासून त्यांची असिस्टंट. जेनिफर ब्रुंडेज यूसीएलएची खेळाडू, १९९९ पासून त्यांच्याबरोबर. २४ ऑगस्ट २०२२ रोजी हचिन्स यांनी निवृत्ती जाहीर केली आणि हेड कोचची जागा थॉल यांना मिळाली. अठ्ठावीस वर्षं असिस्टंट राहून मग हेड कोच. २०२४ मध्ये थॉल यांच्या संघाने मिशिगन ज्यात खेळते त्या बिग टेन गटाची स्पर्धा जिंकली.

थॉल यांच्या हाती आलेली नोकरी १९८५ च्या नोकरीसारखी राहिलेली नाही. ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीच्या हेड कोच पॅटी गॅसो यांना वर्षाला दहा लाख डॉलरच्या वर पगार आहे. त्यांच्या संघाने सुरुवातीला घरचे सामने गावातल्या सार्वजनिक उद्यानातल्या मैदानावर खेळले होते. खेळाडू आता ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीतून, दरवर्षी संघ बदलू शकतात. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लावलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिट्यांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. तडजोडीत सामील झालेल्या संस्थांना सॉफ्टबॉलमध्ये १२ स्कॉलरशिपची मर्यादा उरलेली नाही, संघात जास्तीत जास्त २५ मुली एवढंच बंधन आहे. थेट द्यायच्या पैशातला मोठा वाटा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलकडे जाणार असं बहुतेक युनिव्हर्सिट्यांचं गणित दिसतं. हे टायटल नाइनच्या कसोटीत बसतं का, यावर काही खेळाडू मुली पुन्हा कोर्टात गेल्या आहेत.